वाटेवरचे वृक्ष

खानदेशात चैत्र सरून वैशाख लागला, की उन्हाचा अंमल सुरू होतो. जळगाव, भुसावळ आणि धुळे या भागांत एखाद्या वर्षी पारा ४५ अंशांच्याही वर चढतो. तापीकाठची काळी जमीन भेगाळते. केळीच्या बागांभोवती झळा अडविण्यासाठी शेतकरी हिरवी कुंपणे उभारतात. दुपारी बारा वाजल्यानंतर रस्ते ओस पडतात. अशा वेळी ज्याला पायी प्रवास करावा लागतो, तो दोनच गोष्टी शोधतो : घोटभर पाणी आणि हातभर सावली. पाणी तो सोबत घेऊ शकतो. सावली मात्र त्याच्यासाठी दुसऱ्या कोणीतरी, पुष्कळ वर्षांपूर्वी, लावून ठेवलेली असावी लागते. रस्त्याच्या कडेला झाडे लावण्याची चाल याच गरजेतून निर्माण झाली. ही चाल किती जुनी आहे, तिच्यामागे कोणते शास्त्र आहे आणि जगातील इतर देशांनी तिचा कसा उपयोग केला, हे पाहणे उद्बोधक आहे.

प्रथम सावली म्हणजे काय, याचाच विचार करू. वर्तमानपत्रात 'जळगाव ४४ अंश' असे छापून येते, तेव्हा ते उन्हातील तापमान नसते. वेधशाळेचा तापमापक उघड्या उन्हात ठेवीत नाहीत. हवा खेळती राहील अशा झडपांच्या, पांढऱ्या रंगाच्या लाकडी पेटीत तो जमिनीपासून काही उंचीवर ठेवलेला असतो. म्हणजे ४४ अंश हे सावलीतील हवेचे तापमान होय. उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाला या तापलेल्या हवेबरोबर आणखी दोन ताप सोसावे लागतात. एक, वरून अंगावर पडणारे सूर्यकिरण; आणि दुसरा, खालून डांबर, दगड व माती यांतून बाहेर पडणारी उष्णता. दाट झाडाची सावली हे दोन्ही ताप अडविते. किरण पानांवर थांबतात आणि जमीन तापतच नाही. म्हणून सावलीत हवेचे तापमान थोडेसेच उतरले, तरी शरीराला मोठाच दिलासा मिळतो.

पण मग घराच्या पत्र्याखालची सावली आणि निंबाखालची सावली यांत एवढा फरक का असतो? पत्रा स्वतः तापतो आणि खालच्या माणसाच्या अंगावर उष्णता टाकतो. झाडाचे पान असे तापत नाही. मुळे जमिनीतून पाणी शोषून घेतात, ते खोडातून व फांद्यांतून पानांपर्यंत चढते आणि पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून त्याची वाफ होऊन हवेत मिसळते. पाण्याची वाफ होण्यासाठी उष्णता लागते, आणि ती पान व भोवतालची हवा यांच्यातूनच घेतली जाते. माठातील पाणी गार का होते, याचे कारण हेच आहे. माठाच्या अंगातून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि आतील पाणी निवते. एक लिटर पाण्याची वाफ करण्यास लागणारी उष्णता, तेच पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत तापविण्यास लागणाऱ्या उष्णतेच्या पाचपटींहूनही अधिक असते. यावरून एक मोठा वृक्ष दिवसभरात केवढे काम करीत असेल, याची कल्पना येईल. वृक्ष म्हणजे जमिनीत रोवलेला आणि आकाशाकडे उघडलेला एक मोठा माठच होय.

तथापि कोणतेही झाड रस्त्याच्या कडेला लावून चालत नाही. सातपुड्यात साग विपुल आहे. त्याचे लाकूड मोलाचे आहे. परंतु ऐन उन्हाळ्यात त्याची पाने गळून तो उघडा पडतो. ज्या वेळी वाटसरूला सावली हवी, त्याच वेळी तो ती देऊ शकत नाही. गुलमोहोराचा तांबडा बहर डोळ्यांना सुखवितो. पण तो मूळचा मादागास्कर बेटावरचा पाहुणा आहे. त्याची मुळे फार खोल जात नाहीत आणि वादळवाऱ्यात त्याच्या फांद्या मोडून पडतात. कडुनिंबाची गोष्ट वेगळी आहे. खानदेशात त्याला नुसते 'निंब' म्हणतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याची जुनी पाने झडतात आणि लगोलग तांबूस कोवळी पालवी फुटते. गुढीपाडव्याला तीच पालवी आपण गुढीला बांधतो. चैत्रात त्याला बारीक पांढरा मोहोर येतो, आणि वैशाखाचे ऊन तापू लागते तोवर त्याचा डेरा हिरवागार होऊन बसलेला असतो. पाणी कमी मिळाले तरी तो तग धरतो. वड, पिंपळ, चिंच आणि आंबा हीदेखील वाटेवरची जुनी, विश्वासाची झाडे होत. चिंचेची वाढ सावकाश असते, पण तिचे लाकूड चिवट असते आणि ती पिढ्यान्पिढ्या टिकते. वडाचा विस्तार फार मोठा असल्यामुळे दोन वडांमध्ये दहा-बारा मीटरांचे अंतर तरी सोडावे लागते.

झाड निवडले, खड्डा खणला आणि रोप लावले, म्हणजे काम संपले असे पुष्कळांना वाटते. खरे काम तेथून पुढे सुरू होते. रोपाभोवती आळे करावे लागते. शेळ्या-मेंढ्यांनी शेंडा खुडू नये म्हणून बाभळीच्या काट्यांचे कुंपण घालावे लागते. आणि निदान पहिले दोन-तीन उन्हाळे त्याला हाताने पाणी घालावे लागते. एकदा मुळे खोल ओलीपर्यंत पोहोचली, की झाड स्वतःच्या पायावर उभे राहते. पुढे त्याच्या खालच्या फांद्या छाटून खोड उंच वाढवितात, म्हणजे गाड्या त्याखालून विनाअडथळा जाऊ शकतात. मोठ्या रस्त्यावरील झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना यांचे पट्टे दिलेले दिसतात. रात्री गाडी हाकणाऱ्याला रस्त्याची कड दिसावी, हा त्यांचा एक मोठा उपयोग आहे. अशा रीतीने दिवसा सावली देणारे झाड रात्री वाटही दाखविते.

भारतात ही परंपरा फार प्राचीन आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने आपल्या आज्ञा दगडी स्तंभांवर कोरविल्या. त्यांपैकी एक स्तंभ मूळ हरयाणातील टोपरा येथे होता. पुढे फिरोजशहा तुघलकाने तो दिल्लीस आणविला. त्यावरील सातव्या लेखात अशोकाने आपल्या लोकोपयोगी कामांची माहिती दिली आहे. माणसांना आणि पशूंना सावली मिळावी म्हणून आपण रस्त्यांवर वड लावविले, आमराया तयार करविल्या, ठरावीक अंतरांवर विहिरी खणविल्या आणि विसाव्याच्या जागा बांधविल्या, असे तो सांगतो. यात माणसांबरोबर पशूंचाही उल्लेख आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मालाने लादलेली गाडी ओढणारा बैल उन्हाने माणसाइतकाच व्याकूळ होतो; पण सावली मागण्यासाठी त्याच्यापाशी शब्द नसतात.

मराठी राज्यकर्त्यांनीही वृक्षांचे मोल ओळखले होते. रामचंद्रपंत अमात्य यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या 'आज्ञापत्र' या राजनीतिपर ग्रंथात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचा विचार आला आहे. आंबा, फणस ही झाडेही त्या कामी उपयोगी पडण्यासारखी. पण त्यांना हात लावू नये, असे अमात्यांनी बजावले आहे. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत तयार होत नाहीत. रयतेने ती लेकरांप्रमाणे जपून वाढविलेली असतात. ती बळाने तोडली, तर रयतेच्या दुःखाला पार राहत नाही. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, योग्य मोबदला देऊन मगच ते तोडावे. राज्याची गरज मोठी खरी. पण ती भागवितानाही झाडाचा आणि झाड लावणाऱ्याचा मान राखला पाहिजे, ही दृष्टी त्यामागे आहे.

खानदेश हा तर वाटांचाच प्रदेश आहे. दक्षिणेतून उत्तरेकडे जाणारे लमाणांचे तांडे, यात्रेकरू आणि सैन्ये याच मुलखातून जात. १८१८ साली पेशवाई संपून खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्यांचा अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने १८१९ साली जिल्ह्याचे मुख्य ठाणे म्हणून धुळ्याची निवड केली. कारण ते प्रदेशाच्या मध्यभागी आणि उत्तरेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर होते. पांझरेच्या काठी जुन्या धुळ्याशेजारी सरळ आणि रुंद रस्त्यांची नवी वसाहत आखण्यात आली. धुळ्यातील गल्ल्या आजही क्रमांकांनी ओळखल्या जातात. पुढे मुंबईहून नाशिक, मालेगाव, धुळे, शिरपूर या मार्गाने आग्र्याकडे जाणारा मोठा रस्ता तयार झाला. धुळे शहरातील मुख्य बाजारपेठेच्या रस्त्याला लोक अजूनही 'आग्रा रोड' असेच म्हणतात. मोटारी येण्यापूर्वी या वाटेने बैलगाड्या चालत. गाडीवाल्याचा मुक्काम ठरे तो घड्याळाने नव्हे, तर विहीर कोठे आहे आणि झाड कोठे आहे यावरून.

झाडे ही येथील माणसांच्या मनात किती खोल रुजली होती, हे गावांच्या नावांवरूनही दिसते. साक्री तालुक्यात पिंपळनेर आहे, रावेर तालुक्यात निंभोरा आहे, जळगावला लागून पिंप्राळा आहे. या नावांत पिंपळ आणि निंब आजही ऐकू येतात. जळगावचे मेहरूण तर तेथील बोरांमुळे दूरवर प्रसिद्ध झाले आहे. सकाळी व सायंकाळी मेहरूणच्या तलावाकाठी फिरावयास जाणारे जळगावकर पाणी, झाडे आणि पाखरे यांचे सुख एकत्र अनुभवतात.

शहराच्या मध्यभागी असे फिरण्याचे सुख मिळावे, म्हणून युरोपातील अनेक नगरांनी वृक्षांच्या रांगांचे विस्तीर्ण मार्ग मुद्दाम निर्माण केले. त्यांपैकी जर्मनीच्या राजधानीतील, बर्लिन शहरातील, मार्ग फार प्रसिद्ध आहे. त्याचे नाव 'उंटर डेन लिंडेन'. 'लिंडेन वृक्षांखाली' असा त्याचा सरळ अर्थ आहे. १६४७ साली, म्हणजे शिवाजी महाराज सतरा वर्षांचे असताना, तेथील राज्यकर्ता फ्रीड्रिख विल्हेल्म याने आपल्या राजवाड्यापासून शिकारीच्या रानाकडे जाणाऱ्या वाटेवर लिंडेन आणि अक्रोड यांची झाडे रांगांनी लावविली. तीस वर्षे चाललेल्या एका भयंकर युद्धाने त्या वेळी जर्मनी उद्ध्वस्त झाली होती आणि ते युद्ध अद्याप पुरते संपलेही नव्हते. अशा काळात, जी झाडे मोठी झालेली पाहावयास आपण कदाचित उरणार नाही, ती झाडे लावणे ही लहान गोष्ट नव्हे.

हा मार्ग सुमारे दीड किलोमीटर लांब आणि साठ मीटर रुंद आहे. दोन्ही बाजूंनी वाहने जातात आणि मधोमध झाडांच्या रांगांखाली पायी फिरणाऱ्यांसाठी प्रशस्त वाट आहे. पश्चिमेच्या टोकाला १७९१ साली पूर्ण झालेली ब्रांडेनबुर्ग वेस उभी आहे. लिंडेनचे पान आपल्या पिंपळासारखे हृदयाकृती असते, पण पिंपळपानाचे लांब टोक त्याला नसते. जून-जुलैमध्ये त्याला फिकट पिवळी, सुवासिक फुले येतात आणि मधमाश्यांचा गुंजारव सुरू होतो. हिवाळ्यात त्याची सारी पाने गळतात. आपल्याकडे हा दोष ठरला असता; तेथे तो गुण ठरतो. कारण त्या थंड देशात हिवाळ्यातील अल्पसे ऊन माणसांना हवे असते आणि उघड्या फांद्या ते खाली येऊ देतात. खानदेशाने निंब निवडला आणि बर्लिनने लिंडेन निवडला. झाडे निराळी, पण निवडीमागील शहाणपण एकच : आपल्या हवेला मानवेल तेच आपल्या वाटेवर लावावे.

याच मार्गावर बर्लिन विद्यापीठाची जुनी, भव्य वास्तू आहे. १९२८ साली महाराष्ट्रातून जर्मनीस गेलेल्या इरावती कर्वे यांनी याच विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. पुढे मानववंशशास्त्रज्ञ आणि 'युगान्त' या ग्रंथाच्या लेखिका म्हणून त्यांनी मोठी कीर्ती संपादन केली.

उंटर डेन लिंडेनची झाडे मात्र सुखाने वाढली नाहीत. १९३४ नंतर या मार्गाखालून भुयारी रेल्वे नेण्यात आली आणि जुने वृक्ष तोडले गेले. त्यांच्या जागी लहान रोपे आणि उंच दिवे आले. तेव्हा आता हा मार्ग 'लिंडेनखाली' नसून 'दिव्यांखाली' आहे, असे बर्लिनकर उपहासाने म्हणू लागले. मग दुसरे महायुद्ध आले. १९४५ मध्ये ते संपले, तेव्हा दोहों बाजूंच्या इमारती ढासळल्या होत्या आणि झाडे नष्ट झाली होती. नागरिकांना खावयास अन्न नव्हते, हिवाळ्यात शेकोटीला लाकूड नव्हते. तरीही १९५० नंतरच्या दशकात तेथे पुन्हा लिंडेनची रोपे लावण्यात आली. १९६१ साली शहराचे दोन तुकडे करणारी भिंत उभी राहिली आणि ब्रांडेनबुर्ग वेशीपाशी ही वाट बंद झाली. १९८९ साली भिंत पडली, वेस उघडली आणि दोन्हीकडची माणसे पुन्हा त्याच झाडांखालून चालू लागली. आज तेथे दिसणारी झाडे १६४७ सालची नाहीत. पण मार्गाचे नाव खोटे ठरू नये, एवढी काळजी त्या नगराने घेतली आहे.

आपल्या नावांचे काय? पिंपळनेरात पिंपळ आणि निंभोऱ्यात निंब आहे, की ती केवळ पाटीवरची अक्षरे आहेत, हा प्रश्न प्रत्येक गावाने स्वतःला विचारावयाचा आहे. नागपूर–सुरत आणि मुंबई–आग्रा हे दोन मोठे महामार्ग धुळ्यापाशी एकमेकांस छेदतात. वाहने वाढली, म्हणून हे मार्ग चौपदरी करावे लागले. रुंद रस्त्यांची गरज कोणी नाकारणार नाही. कापूस आणि केळी वेळेवर बाजारात गेली पाहिजेत, आजाऱ्याला लवकर दवाखाना गाठता आला पाहिजे आणि अपघात टळले पाहिजेत. पण रस्ता रुंद होताना कडेची जुनी झाडे जातात, हेही तितकेच खरे आहे. मोटारीत बसलेल्याला त्याची झळ लागत नाही. ती लागते शाळेतून पायी घरी जाणाऱ्या मुलाला, डोक्यावर पाटी घेऊन बाजारास निघालेल्या बाईला आणि सायकलवरून कामावर जाणाऱ्या मजुराला.

नगरांतील झाडांना कायद्याचे संरक्षण आहे. १९७५ साली महाराष्ट्रात झाडांच्या संरक्षणासाठी कायदा करण्यात आला. त्यानुसार शहरात वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. २०२१ साली त्यात सुधारणा होऊन, ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून विशेष मान देण्यात आला. परंतु कायदा तोडणाऱ्याचा हात धरू शकतो. आळ्यात पाणी घालू शकत नाही. ते काम माणसांनीच करावयाचे असते. बुंध्यापर्यंत डांबर व काँक्रीट ओतल्याने मुळांना हवा आणि पाणी मिळत नाही. पाट्या लावण्यासाठी खिळे ठोकल्याने साल जखमी होते. मुळाशी कचरा जाळल्याने शंभर वर्षांचे झाड एका रात्रीत होरपळते. हे थांबविण्यासाठी पैसा लागत नाही; लक्ष लागते.

आज लावलेल्या निंबाच्या रोपाखाली उद्या कोणी बसू शकणार नाही. त्याला डेरेदार होण्यास काही वर्षे लागतील आणि ती वर्षे कोणालाही विकत घेता येत नाहीत. म्हणूनच जुने झाड राखणे आणि नवे झाड लावणे ही एकाच कर्तव्याची दोन अंगे आहेत. जो वाटेवरचे जुने झाड राखतो, तो मागच्यांचे ऋण मानतो. जो नवे लावून जगवितो, तो ते ऋण फेडतो.

स्वाध्याय

१. वेधशाळेने दिलेले तापमान आणि उन्हात चालणाऱ्या माणसाला सोसावा लागणारा ताप यांत फरक का असतो?

२. पत्र्याच्या सावलीपेक्षा निंबाची सावली थंड का वाटते? माठाचे उदाहरण देऊन स्पष्ट करा.

३. 'खानदेशाने निंब निवडला आणि बर्लिनने लिंडेन निवडला' या निवडींमागील कारणे सांगा.

४. आंबा व फणस यांच्याविषयी आज्ञापत्रात काय बजावले आहे? त्यामागील दृष्टी तुमच्या शब्दांत लिहा.

५. घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवरील झाडे मोजा. त्यांची नावे, अंदाजे वय आणि वैशाखातील त्यांची सावली यांची नोंद करा. आपल्या गावाच्या किंवा गल्लीच्या नावात एखादे झाड आहे काय, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.